आर्थिक ओढाताणीच्या काळात कृतज्ञता आणि मिंधेपणा यांतला फरक कसा ओळखावा?

गोदाकाठ

नमस्कार. बरेच दिवस हा प्रश्न मनात घोळतो आहे आणि घरात कोणापाशी बोलता येत नाही, म्हणून धीर करून इथे लिहिते आहे.

माझे यजमान नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात अकरा वर्षे टर्नर म्हणून काम करत होते. गेल्या श्रावणात कारखान्याला कुलूप लागले. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार अजून मिळालेला नाही, आणि ग्रॅच्युइटीचे विचारले की मालक ‘सवडीने बघू’ एवढेच म्हणतात. त्यांनी मनावर घेतले तर देतील, या आशेवर आम्ही आहोत. घराच्या कर्जाचा हप्ता १८,४०० रुपयांचा आहे आणि त्यातले दोन हप्ते थकले आहेत. मुलगी बारावीला आहे. मी सकाळी बालवाडीत शिकवते, संध्याकाळी घरी शिकवण्या घेते, त्यातून किराणा आणि विजेचे बिल निघते. यजमान मिळेल तिथे रोजंदारीवर लेथ चालवायला जातात, पण आठवड्यातून तीन-चार दिवसच काम असते.

एका मैत्रिणीने आपुलकीने सांगितले की रोज रात्री झोपण्यापूर्वी, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा तीन गोष्टी वहीत लिही, मन हलके होईल. मी मनापासून सुरुवात केली. मुलीची तब्येत चांगली आहे, डोक्यावर छप्पर आहे, यजमान निर्व्यसनी आहेत, असे लिहीत गेले. चार-पाच दिवसांत तेच तेच येऊ लागले, आणि ‘डोक्यावर छप्पर आहे’ हे लिहिताना त्याच छपराचे दोन हप्ते थकले आहेत, एवढेच आठवू लागले.

नवव्या दिवशी वन्सं आल्या होत्या. जाताना त्यांनी माझ्या हातात पाच हजारांचे पाकीट ठेवले आणि ‘परत करायची घाई करू नकोस’ म्हणाल्या. त्या रात्री ‘वन्संनी मदत केली’ एवढे लिहिले आणि पुढे पेन चालेना. मला कृतज्ञता वाटत नव्हती, लाज वाटत होती. तेव्हापासून त्यांचा फोन आला की माझा आवाज आपोआप खाली येतो. त्यांच्याकडे सत्यनारायण होता तर मी सकाळी सातलाच जाऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि रात्री शेवटचे पातेले घासूनच घरी आले. याला कृतज्ञता म्हणत नाहीत, मिंधेपणा म्हणतात, हे मला समजते.

माझे विचारणे असे आहे की ज्यांनी हे दिवस काढले आहेत, त्यांना मिंधे न होता कृतज्ञ राहता आले का, आणि आले असेल तर ते कसे? भीती वाटत असतानाही जे मिळते आहे त्याची जाणीव खरी कशी ठेवावी? ‘सकारात्मक राहा’ या उत्तराची मला गरज नाही, हे नम्रपणे सांगते.

लालबागची लेक

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझी आई आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले होते आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, त्यामुळे ‘आता संपले एकदाचे’ असे म्हणण्याचा दिवस आमच्यासारख्या घरांना कधी मिळाला नाही. आईची खानावळ होती. दहा बाय बाराच्या खोलीत ती कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेल्या नऊ कामगारांना दोन वेळा जेवू घालत असे. गिरणगावात अशा खानावळी घरोघर होत्या. त्या चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या दारी जावे लागू नये, बँकेचे कर्ज मिळावे, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले होते. संपामुळे आमच्यावर दोन्ही बाजूंनी संकट आले. वडिलांचा पगार थांबला आणि जेवणाऱ्या मेंबरांचाही थांबला. पाच जण गावी निघून गेले. राहिलेल्या चौघांना ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगणे आईच्या जिभेवर आले नाही.

तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल, सगळे उधारीवर येऊ लागले. आई चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पाने दोऱ्याने शिवून एक वही केली आणि प्रत्येक जोडपानावर डावीकडे ‘फेडायचे’ व उजवीकडे ‘ठेवायचे’ असे मथळे घातले. डावीकडे वाण्याचे १४० रुपये, मामाचे २००, शेजारच्या काकूंचे दोन शेर तांदूळ, असे तारखेसह लिहिलेले असे. उजवीकडे पैसा नसे. ती वही आज माझ्याकडे आहे. उजव्या पानावर लिहिले आहे, ‘वाणी चार लोकांत बोलला नाही.’ त्याखाली, ‘काकूंनी डबा दारात ठेवला, कडी वाजवून गेल्या.’ आणखी एका पानावर, ‘मामा आज पैशाचे बोलला नाही, पोरांना घेऊन चौपाटीवर गेला.’

डावे पान पुरे व्हायला पाच वर्षे लागली. रक्कम फिटली की आई त्या ओळीवर पट्टी धरून रेघ मारायची, आणि रेघ मारताना तिची पाठ ताठ झालेली मी पाहिली आहे. उजव्या पानावरची एकही ओळ तिने खोडली नाही. मी मोठी झाल्यावर तिला याबद्दल विचारले होते. ती म्हणाली, ‘वाण्याचे पैसे दिले म्हणून मी त्याच्या दुकानात मान वर करून जाते. तो चार लोकांत बोलला नाही, ते पैशाने फिटत नाही, म्हणून संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाते. मान खाली घालून तिळगूळ दिला तर तो त्याला गोड लागेल का?’ वाणी जाईपर्यंत आणि त्यानंतर त्याच्या सुनेकडेही ती दर संक्रांतीला जात होती.

मला असे वाटते की तुम्ही वन्संच्या बाबतीत दोन्ही पाने एकत्र करत आहात. पाच हजार रुपये डाव्या पानावरचे आहेत. ते तारखेसह लिहा आणि वन्संना सांगा की मी लिहून ठेवले आहे, महिन्याला पाचशे का होईना, या महिन्यापासून देईन. ते पैसे पातेली घासून फिटायचे नाहीत, आणि वन्संनी तशी अपेक्षाही केलेली नसावी. उजव्या पानावर काय लिहायचे ते मात्र तुम्हालाच आठवून पाहावे लागेल. पाकीट देताना त्यांनी ते कसे दिले, कोणासमोर दिले, काय बोलल्या नाहीत, हे आठवून पाहा.

कीर्द खतावणी

मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. वरच्या प्रतिसादातील मातोश्रींची वही ही हिशेबाच्या शिस्तीनेही अगदी चोख आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. आपण बोलताना ‘त्याची ही जमेची बाजू आहे’ असे सहज म्हणतो, परंतु जमेच्या बाजूला मोघम काही लिहिता येत नाही, हे कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिणारा प्रत्येक जण जाणतो. कोणाकडून, कधी आणि काय आले, हे लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. ‘डोक्यावर छप्पर आहे’ ही नोंद मोघम आहे, म्हणून ती दोन दिवसांत शिळी होते. ‘आज बालवाडीतल्या मदतनीस बाईंनी माझ्या वाटणीचा चहा झाकून ठेवला’ ही नोंद शिळी होत नाही, कारण ती त्याच दिवसाची असते. नावे बाजूही तितकीच स्वच्छ लिहायला हवी. ती लपवून केलेली जमा कितीही मोठी असली तरी शिल्लक जुळत नाही आणि आपल्या मनाला ते ठाऊक असते.

आता थोडे कर्जाविषयी, कारण छातीवरचे हे दडपण थोडे कमी झाल्याशिवाय वहीत काही खरे उतरणार नाही. थकबाकी ९० दिवसांपेक्षा अधिक झाली की खाते अनुत्पादित (एनपीए) वर्गात जाते. आपले दोन हप्ते थकले आहेत, म्हणजे वेळ अजून हातात आहे, पण थोडा आहे. याच आठवड्यात यजमानांसह शाखेत जा. नोकरी गेल्याचे आणि सध्या महिन्याला किती रक्कम निश्चित भरता येईल याचे लेखी निवेदन द्या, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा आणि निवेदनाच्या प्रतीवर पोच घ्या. माझ्या अनुभवात जो कर्जदार आपणहून समोर येऊन बसला, त्याच्यासाठी अधिकाऱ्याला काही करता आले. ज्याने फोन घेणे बंद केले, त्याच्यासाठी इच्छा असूनही काही करता आले नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. विलंबाच्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही, असेही तिने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. आणि कृपा करून, एक हप्ता भरण्यासाठी मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या वाटेला जाऊ नका. त्या वाटेने गेलेली चांगली कुटुंबे मी खचताना पाहिली आहेत.

सडेतोड

मला या चर्चेतली एक गोष्ट खटकली आहे आणि ती स्पष्टपणे मांडतो. ताईंनी लिहिले आहे की मालकांनी मनावर घेतले तर ग्रॅच्युइटी देतील. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात सलग पाच वर्षे काम केलेल्या माणसाला ग्रॅच्युइटी मिळणे ही मालकाची मर्जी नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. शेवटच्या मूळ पगारात महागाई भत्ता मिळवायचा, त्याला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे, असा साधारण हिशेब असतो. ती रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, आणि उशीर झाला तर त्यावर व्याजही द्यावे लागते. अकरा वर्षांचे किती होतात ते आज कागदावर मांडा. मागणीचा अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि थकलेल्या पगारासह कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.

हे इथे लिहिण्याचे कारण असे की अडचणीत असलेल्या माणसाला कृतज्ञ राहायला सांगताना आपण फार वेळा त्याला गप्प राहायला सांगत असतो. ज्याने आपले देणे दिले नाही त्याच्याबद्दल राग आला तर तो राग रास्त आहे. दिवाळे निघाले ते बरेच झाले, असे देवाला सांगणाऱ्या तुकोबांचा दाखला संकटातल्या माणसाला सगळेच देतात. परंतु परंपरा असेही सांगते की त्याच तुकोबांनी आपल्या वाट्याची सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली होती. ज्यांचे येणे होते, त्यांनी ते येणे सोडले. आपण मात्र देणे बुडवणाऱ्याला काहीच सांगत नाही आणि ज्याचे बुडाले त्याला समाधानी राहण्याचा उपदेश करतो, हे मला मान्य नाही.

गोदाकाठ

सर्वांचे प्रतिसाद मी दोन-दोन वेळा वाचले आणि यजमानांनाही वाचून दाखवले.

लालबागच्या ताई, तुम्ही आठवून पाहायला सांगितले, म्हणून आठवत बसले. वन्सं त्या दिवशी निघायला उठल्या होत्या, चपला घातल्या होत्या, आणि परत बसल्या. मला तेव्हा वाटले की पाय दुखत असतील. मुलगी कपडे आणायला गच्चीवर गेली तेव्हाच त्यांनी पर्स उघडली. तिच्यासमोर द्यायचे नव्हते म्हणून त्या थांबल्या होत्या, हे मला आज, तुमचे लिखाण वाचल्यावर कळले. मी इतके दिवस पाकिटाकडेच पाहत होते.

सडेतोड, तुमचे म्हणणे वाचून यजमान बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी कपाटातून पगाराच्या जुन्या पावत्या काढल्या. ‘मागायला लाज वाटत होती,’ एवढेच म्हणाले. हक्काचे मागायची आम्हाला लाज वाटत होती आणि प्रेमाने दिलेले घ्यायचीही वाटत होती.

शिरोळकर मास्तर

मी शिक्षक आहे आणि घरचा ऊस आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचे शिवार आणि अर्धे घर पाण्याखाली गेले होते, त्या वेळचे सांगतो.

पाणी ओसरल्यावर राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मदतीच्या गाड्या येऊ लागल्या. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात दारातून कोणाला रिकाम्या हाताने जाऊ दिले नव्हते. ती शाळेच्या पटांगणातल्या रांगेत उभी राहायला तयार होईना. दोन दिवस तिने भिजलेल्या पोत्यातले ज्वारीचे दाणे निवडून वाळवायचा प्रयत्न केला, पण त्यांना वास येत होता. तिसऱ्या दिवशी विदर्भातून आलेल्या एका मुलाने तिच्या हातात पिशवी दिली आणि तिने त्याला विचारले, ‘लेकरा, तू जेवलास का?’ तो जेवलेला नव्हता. त्याच पिशवीतला तांदूळ काढून तिने तीन दगडांच्या चुलीवर भात टाकला आणि त्याला वाढला. त्यानंतर ती रांगेत गेली, कोणाचाही हात धरून गेली नाही. घेणारा माणूस त्या क्षणी देणाराही असू शकतो, हे तिला त्या भाताने पटले असावे, असे मी समजतो. ताई, सत्यनारायणाच्या दिवशी तुम्ही केलेले काम वाईट नव्हते. वन्संना तुमच्याकडून काय हवे आहे, हे मात्र तुम्ही त्यांना विचारले नव्हते.

आणखी एक गोष्ट. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. तोडणीपूर्वी, म्हणजे हाताशी पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, त्याच शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या गेल्या. पैशाची ओढ असताना त्यांची उत्तरे स्पष्टपणे कमी पडली. माणसे तीच होती, चिंतेने त्यांच्या डोक्यातली जागा अडवली होती. आमच्या गावात उसाचे बिल लांबले की हेच दिसते. म्हणून रात्री वहीत काही सुचले नाही तर त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. रोज तीन गोष्टींचा नेम सोडा. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, एकच ओळ लिहा. आणि झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, तर १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. माझ्या एका सहकाऱ्याला त्याचा उपयोग झाला आहे.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे.

बँकेत जाऊन निवेदन दिले, पोच घेतली. मुदत वाढवण्याचा अर्ज वरच्या कार्यालयाकडे गेला आहे, निर्णय अजून आलेला नाही. तोपर्यंत दरमहा दहा हजार भरण्याचे आम्ही लिहून दिले आहे आणि पहिले दहा हजार भरले. ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडला तेव्हा रक्कम आमच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी निघाली. अर्ज नोंदणीकृत टपालाने गेला. मालकांचे उत्तर नाही, त्यामुळे पुढच्या सोमवारी यजमान आणि त्यांचे दोन जुने सहकारी मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाणार आहेत. भीती गेलेली नाही. पहाटे चारला जाग येते ती येतेच.

गेल्या रविवारी मी वन्संकडे गेले. पाचशे रुपये आणि वही, दोन्ही घेऊन गेले. डाव्या पानावरचे पाच हजार त्यांना दाखवले आणि पाचशेची नोंद त्यांच्यासमोर केली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, पैसे मोजून डब्यात ठेवले, याचे मला फार बरे वाटले. मग मी त्यांना विचारले की तुम्हाला माझ्याकडून काही हवे आहे का. त्या जरा थांबून म्हणाल्या की नातवाला वाचता येत नाही, शाळेतून रोज चिठ्ठी येते, सुनेला वेळ नसतो, तू त्याला अक्षरे शिकवशील का? आता बुधवारी आणि शनिवारी तो माझ्याकडे येतो. काल त्याने ‘कमळ’ हा शब्द एकट्याने वाचला आणि ‘ळ’ वर बोट ठेवून मला विचारले की याला असे दोन पोट का असतात.

उजव्या पानावर मी पहिली ओळ लिहिली आहे: ‘वन्सं चपला घालून परत बसल्या.’